शेळ्या पाळून मटण थेट गिऱ्हाइकाला विकायचं आहे, सुरुवात कुठून करू?

माणदेशी

नमस्कार मंडळी. आटपाडी तालुक्यात आमची ४ एकर जमीन आहे. त्यातली दीड एकर विहिरीवर भिजते, पण पाणी जेमतेम फेब्रुवारीपर्यंत. घरात कामाला चार माणसं. उस्मानाबादी शेळ्या बंदिस्त पाळायच्या आणि बोकड व्यापाऱ्याला न देता मटण थेट सांगली आणि पुण्यातल्या सोसायट्यांना विकायचं, असा विचार आहे. अमेरिकेत शेतकरी कुटुंबं गुरं पाळून पाव किंवा अर्ध्या जनावराचं आगाऊ बुकिंग घेतात आणि मांस सरळ गिऱ्हाइकाला देतात, त्याचे व्हिडिओ पाहून हे डोक्यात आलं.

विचारायचं ते असं. २० शेळ्या आणि १ बोकड एवढ्यावर दर रविवारी मटण देता येईल का? कापायचं कुठं आणि परवाने कोणते? शेडसाठी ४ लाख बाजूला ठेवलेत, ते पुरतील का? आणि व्यापाऱ्याला देण्यापेक्षा नक्की किती जास्त सुटतात?

गोठा_गव्हाण

शेडचं शेवटी बघू. आधी पहिला प्रश्न घ्या, कारण बहुतेकांचं गणित तिथंच फसतं.

पुस्तकात लिहिलेलं असतं की दोन वर्षांत तीन वेत आणि दर वेताला दीड करडू, म्हणजे शेळीमागं वर्षाला सव्वादोन करडं. प्रत्यक्षात काही शेळ्या उलटतात (गाभ न धरता पुन्हा माजावर येतात), काही उशिरा माजावर येतात, एखादी गाभडते. जन्मलेली करडं शेळीमागं १.८ ते २ धरा. चांगली व्यवस्था असली तरी १० टक्के मर सोडा. कळपातल्या म्हाताऱ्या शेळ्या बदलायला दर वर्षी कळपाच्या २० टक्के पाठी (तरुण माद्या) घरीच ठेवाव्या लागतात. हे सगळं वजा जाता विकायला उरतात शेळीमागं वर्षाला दीड. २० शेळ्यांचे झाले ३०. वर्षात रविवार ५२. म्हणजे दर रविवारी एक जनावर कापायचं तर किमान ३५ शेळ्या हव्यात, आणि दोन कापायची तर ७०. सुरुवातीला २० घ्या, ते बरोबरच आहे, पण मग गिऱ्हाइकाला पंधरा दिवसांतून एकदाच मटण मिळेल असं आधीच सांगा. सोसायटीच्या ग्रुपवर 'दर रविवारी' म्हणून जाहिरात केली आणि तिसऱ्या महिन्यात बाजारातून बोकड आणून कापावं लागलं, की घरच्या मालाचा विश्वास गेला.

दुसरं, वर्षभर माल हवा असेल तर बोकड कळपात मोकळा सोडायचाच नाही. नाहीतर सगळ्या शेळ्या एकदम वितात, चार महिने करडंच करडं आणि पुढं सहा महिने काही नाही. शेळ्यांचे दोन गट करा. पहिला गट मे महिन्यात भरवा, तो ऑक्टोबरात व्यायेल. दुसरा सप्टेंबरात भरवा, तो फेब्रुवारीत. गाभणकाळ ५ महिन्यांचा आणि व्याल्यावर पुन्हा भरवायला ३ महिने, असं ८ महिन्यांचं चक्र प्रत्येक गटाला लावलं की दर ४ महिन्यांनी एक तुकडी येते: ऑक्टोबर, फेब्रुवारी, जून. ८ ते ११ महिन्यांची होईपर्यंत ती तुकडी विकायची, तोवर पुढची तयार. भरवताना बोकड ४५ दिवस आत ठेवायचा, म्हणजे माजाची दोन चक्रं सापडतात. २० ते २५ शेळ्यांना एक बोकड पुरतो, मात्र दर दोन वर्षांनी तो बदला. बापाकडून लेकी भरल्या की करडं कमी वजनाची जन्मतात.

यात जूनची तुकडी अवघड. करडू महिन्याचं असताना पाऊस, ओल, माश्या. रक्ती हगवण आणि न्यूमोनिया याच तुकडीत जास्त. त्यांच्यासाठी जमिनीपासून दीड-दोन फूट उंच फळ्यांचा माचा करा, फळ्यांत बोटभर फट ठेवा, लेंडी खाली पडली पाहिजे.

शेड: मोठ्या शेळीला छताखाली १२ चौरस फूट, करडाला ५, आणि त्याच्या दुप्पट मोकळी जागा जाळी मारून. ३५ शेळ्या, त्यांची करडं, बोकडाचा आणि आजारी जनावराचा वेगळा कप्पा धरून छताखाली ७५० चौरस फूट पुष्कळ झाले. लांबी पूर्व-पश्चिम, मध्ये उंची १० ते १२ फूट, बाजूच्या भिंती कमरेएवढ्याच, वर जाळी. खाली मुरूम, काँक्रीट नको. मूत मुरलं पाहिजे. वर्षातून एकदा वरचा मुरूम काढून शेतात टाका. साधे लोखंडी पाइप आणि पत्रा यांत दोन-सव्वादोन लाखांत हे बसतं. उरलेले पैसे चाऱ्यावर आणि पहिल्या वर्षाच्या घरखर्चाला ठेवा. पहिलं जनावर विकायला दीड वर्ष लागतं, हे शेडच्या अंदाजपत्रकात कुणी लिहीत नाही.

बाजारकट्टा

पैशाचं मी सांगतो. आकडे आजच्या बाजारात पडताळा, रीत तीच राहील.

२५ किलोचा बोकड धरा. व्यापारी तो नजरेनं घेतो, काट्यावर नाही. समजा ७,५०० ला मागितला, म्हणजे किलोला ३०० पडले. तोच कापला तर हाडासकट मटण पडतं ४५ ते ४८ टक्के, म्हणजे सव्वाअकरा ते बारा किलो. बारा धरू. ८०० रुपयांनी ९,६००. मुंडी, पाय, वजडी यांचे ६०० धरा. एकूण १०,२००. त्यातून कापणावळ, पॅकिंग, बर्फ आणि गाडी मिळून ९०० गेले, राहिले ९,३००. व्यापाऱ्यापेक्षा १,८०० जास्त.

आता तिसरा रस्ता बघा. तोच बोकड गोठ्यावर काटा लावून जिवंत वजनावर ४०० नं दिला तर १०,००० येतात. ना परवाना, ना बर्फ, ना रविवारी पहाटे उठणं. जत्रा, जागरण-गोंधळ, वाढदिवस, हॉटेलवाले, सगळे जिवंत घेतात. सूत्र सोपं आहे: जिवंत किलोचा दर गुणिले २.१ म्हणजे मटणाचा बरोबरीचा दर. ४०० चा माल असेल तर मटण ८४० च्या वर विकलं गेलं तरच कापण्यात अर्थ, आणि तोही वरखर्च सोडून. त्यामुळं माझा सल्ला स्पष्ट आहे. पहिलं वर्षभर जिवंत वजनावर विका, इलेक्ट्रॉनिक काटा आणि पिंजरा घ्या, गिऱ्हाइकांची वही करा. त्यातून ठरलेली ५०-६० घरं उभी राहिली की मग मटणाकडं वळा.

वजन सकाळी, वैरण टाकायच्या आधी करायचं. खाऊन-पिऊन फुगलेला बोकड आणि रात्रभर उपाशी असलेला यांत दोन-तीन किलोचा फरक सहज पडतो. भांडणं होतात ती इथंच.

मागणीचं कॅलेंडर भिंतीला लावा. आखाडात माल कमी पडतो, आणि आषाढ अमावास्येच्या दुसऱ्या दिवसापासून अर्धी गिऱ्हाइकं श्रावण पाळतात. गणपती आणि नवरात्रातही तेच. दसऱ्यानंतर उचल, मार्गशीर्षात गुरुवार सोडून बरं, थर्टी फर्स्टला चांगलं, धुळवडीला सगळ्यात जास्त, चैत्र-वैशाखात जत्रा. वर गव्हाण यांनी सांगितलेली ऑक्टोबरची तुकडी बरोबर आखाडाला ८-९ महिन्यांची होते, म्हणून त्या तुकडीतले नर जूनच्या आत कुणालाही देऊ नका, कितीही मागितले तरी.

डॅलसचा_मराठी

माणदेशी, तुम्ही ज्या अमेरिकन पद्धतीचा उल्लेख केलात तिथला एक बारकावा व्हिडिओत सहसा नसतो. तपासणी झालेल्या कत्तलखान्यातलं मांसच तिथं किलोवर विकता येतं. छोट्या स्थानिक कसायाकडं, जिथं रोज सरकारी निरीक्षक नसतो, कापलेलं मांस फक्त मालकाच्या घरी खायचं, त्यावर 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का असतो. म्हणून कुटुंबं मांस विकतच नाहीत. ती जिवंत जनावराचा पाव किंवा अर्धा हिस्सा विकतात, गिऱ्हाईक मालक होतो आणि कसायाचे पैसे वेगळे देतो.

आकडे सांगतो. साधारण ५४५ किलोचा बैल, टांगलेलं धड सुमारे ६० टक्के म्हणजे ३३० किलो, आणि हाडं-चरबी काढून घरी जाणारं मांस २०० ते २२० किलो. पाव हिस्सा म्हणजे ५०-५५ किलो. दर टांगलेल्या वजनावर ठरतो आणि नवी गिऱ्हाइकं इथंच नाराज होतात, कारण पैसे ८० किलोचे दिले आणि हातात ५० आले असं त्यांना वाटतं. हिस्सा घेण्याआधी हा फरक कागदावर लिहून देणारे टिकतात. आणि कसायाकडची तारीख कित्येक महिने आधी धरावी लागते. जनावर तयार व्हायच्या आधी तारीख, हा तिथला पहिला नियम.

महाराष्ट्रात गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे (१९७६ चा कायदा, २०१५ पासून लागू झालेली दुरुस्ती), त्यामुळं तुम्ही शेळीकडं वळलात ते योग्यच. बुकिंगची रीत मात्र जशीच्या तशी उचलता येते.

कात्रण

त्यासाठी अमेरिकेला जायला नको, गावोगावी वाटे घालतातच की. तीच पद्धत शिस्तीत चालवा. १२ किलोच्या धडाचे १ किलोचे १२ वाटे. प्रत्येक वाट्यात मांडी, खांदा, चाप, सीना, मान आणि कलेजी-गुर्द्याचा तुकडा. शुक्रवार संध्याकाळपर्यंत १२ नावं आणि प्रत्येकी २०० रुपये आगाऊ आले तरच बोकड काढायचा. 'फक्त मांडी द्या' म्हणणाऱ्याला किलोमागं जास्त दर लावा किंवा नम्रपणे नाही म्हणा. दोघांना मांडी दिली की उरलेल्या दहा जणांच्या वाट्याला मान आणि सीना येतो, आणि ते दहा परत येत नाहीत.

कापण्याचं. २००१ चे कत्तलखाना नियम वाचून काढा. गाभण शेळी, तीन महिन्यांच्या आतलं करडू किंवा जिचं पिल्लू तीन महिन्यांच्या आत आहे अशी शेळी कापता येत नाही. पशुवैद्यकानं जनावर तपासून दाखला द्यायचा, नंतर २४ तास विश्रांती, आणि एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही. नगरपरिषदेच्या हद्दीत परवानाधारक कत्तलखान्यातच कापावं लागतं. जवळच्या नगरपरिषदेचा चालू कत्तलखाना कुठं आहे, तिथं डॉक्टर कोणत्या दिवशी येतात, फी किती, हे गोठ्याचा पाया खणण्याआधी विचारून या. स्वतःच्या जागेत कापायचं असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि अन्नसुरक्षा नोंदणी दोन्ही लागतात. २०११ च्या नियमावलीत दिवसाला १० लहान जनावरांपर्यंत नोंदणी पुरते, त्यावर परवाना. अर्ज फॉस्कॉस या अन्नसुरक्षा खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर करायचा. सोबत पाण्याचा तपासणी अहवाल आणि काम करणाऱ्यांचे वैद्यकीय दाखले तयार ठेवा. नोंदणीचा चौदा आकडी नंबर प्रत्येक पाकिटावर आला पाहिजे.

कुणाच्या हातून कापायचं तेही आधी ठरवा. गावचे मुलाणी किंवा खाटीक यांच्याशी जनावरामागं मजुरी बोलून घ्या. सोसायटीत हलाल विचारणारे असतात आणि झटका विचारणारेही. जे आहे ते पाकिटावर स्पष्ट लिहा. आणि हौसेनं स्वतः सुरी घेऊ नका. कातडं सोलताना केस मांसाला लागले किंवा आतडं फुटलं की ते धड धुऊन स्वच्छ होत नाही, उलट पाण्यानं घाण सगळीकडं पसरते.

आता मुख्य गोष्ट, थंड करणं. कापल्या-कापल्या मटण सरळ डीप फ्रीजरमध्ये टाकायचं नाही. शेळीच्या अंगावर चरबीचा थर पातळ, धड पटकन गार होतं, आणि मेल्यावर ताठरण्याआधीच स्नायू १० अंशांच्या खाली गेले तर ते आकसतात. असं मटण कुकरच्या कितीही शिट्ट्या काढा, चिवटच राहतं. धड अखंड टांगून पहिले सहा तास १२-१५ अंशांच्या खोलीत, मग ० ते ४ अंशांत रात्रभर, आणि दुसऱ्या दिवशी तुकडे. गोठवायचं तर त्यानंतर, उणे १८ ला. ही खोली कूलिंग युनिट आणि जाड थर्माकोलच्या भिंती घालून करता येते, तेवढा खर्च नसेल तर पुण्याचा नाद सोडा. आटपाडीहून पुणे साडेचार-पाच तास. पहाटे कापलेलं गरम मटण तिथं पोचेपर्यंत वास धरतं, उन्हाळ्यात तर नक्कीच. सांगली अडीच तासांत होते, तिथं पहाटे ४ ला कापून ९ च्या आत घरपोच ताजं देता येईल. खोक्यात मटणाच्या निम्म्या वजनाइतका बर्फ पिशव्यांत बांधून ठेवा, वितळलेलं पाणी मटणाला लागता कामा नये.

रक्त आणि पोटातली घाण ओढ्यात नाही, खड्ड्यात. चुना आणि मातीचा थर, वर जाळी, नाहीतर कुत्री उकरतात आणि पहिली तक्रार शेजाऱ्याची येते.

पशुवैद्य

कळप उभा करताना बाजारातून एकदम २० शेळ्या उचलू नका. बाजारात दहा गावांची जनावरं एकत्र येतात आणि पीपीआर हा शेळ्यांचा साथीचा रोग तिथूनच घरी येतो. नाकातून शेंबूड, तोंडात चट्टे, हगवण, आणि आठवड्यात निम्मा गोठा रिकामा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या प्रक्षेत्रांवरून किंवा ओळखीच्या गोठ्यावरून घ्या. आणल्यावर ३ आठवडे वेगळ्या जागी ठेवा आणि पीपीआरची लस त्या काळातच टोचून घ्या. पुढं करडांना ३-४ महिन्यांच्या वयात, तिचं संरक्षण तीन वर्षं टिकतं.

आंत्रविषाराची लस मात्र दर वर्षी पावसाळ्याआधी. पहिल्या वेळी दोन डोस, १५ दिवसांच्या अंतरानं. दुसरा डोस चुकवला तर पहिला वाया. हा रोग कळपातलं सगळ्यात धष्टपुष्ट करडूच नेतो. संध्याकाळी भरपूर खुराक खाल्लेला बोकड सकाळी ताठ पडलेला दिसतो, आणि लोक विषबाधा समजतात. जास्त दाणा आतड्यात उतरला की तिथले जंतू भराभर वाढून विष सोडतात. म्हणून विक्रीआधी वजन वाढवायला खुराक एकदम वाढवायचा नाही. १०० ग्रॅमपासून दर चार दिवसांनी ५० ग्रॅम वाढवत ३०० पर्यंत न्या, त्याच्या वर नाही.

मटणासाठीचे नर खच्ची करा, अडीच-तीन महिन्यांत, बर्डिझो चिमट्यानं. न केलेल्या बोकडाच्या मटणाला आठ-नऊ महिन्यांनंतर उग्र वास येतो आणि शहरी गिऱ्हाईक पहिल्याच वेळी तक्रार करतं. पण खच्ची बोकडाला मूतखड्याचा धोका असतो. गहू, भरडा, पेंड यांत फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. बोकड कण्हत मागचे पाय ताणून उभा राहिला आणि थेंब-थेंब लघवी दिसली तर तासाभरात डॉक्टर. टाळायचं असेल तर खनिज मिश्रण, मीठ, आणि सदैव स्वच्छ पाणी. थंडीत पाणी कोमट द्या, गार पाणी कमी पितात.

चाऱ्याचं पाणी फेब्रुवारीत संपतं म्हणता, तर मुरघास हाच मार्ग. मका चिकात असताना कापून, अर्ध्या इंचाचे तुकडे, पिशवीत दाबून हवा काढायची. ४५ दिवसांनी उघडायची. बुरशी आलेला भाग शेळीला कधीच नको, लिस्टेरिया नावाच्या जंतूनं मान वाकडी करून गोल फिरतात आणि बहुतेक दगावतात. बांधावर शेवरी आणि शेवगा लावा. सुबाभूळ चालते, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत. तुरीचं आणि हरभऱ्याचं भुसकट सुगीतच भरून ठेवा. शेळीला रोज पाऊण किलो धरलं तर ३५ शेळ्यांना वर्षाला साडेनऊ टन लागतं. मे महिन्यात तेच दुपटीनं घ्यावं लागेल.

मटण थेट विकणाऱ्यानं एक वही चुकवायची नाही. बिल्ला नंबर, कोणतं औषध, कोणत्या तारखेला. प्रतिजैविक किंवा जंतनाशक दिल्यावर बाटलीवर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय जनावर कापायचं नाही. बाटलीवर शेळीसाठी आकडा नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या, तोवर किमान २८ दिवस थांबा. तुमच्या नावानं पाकीट जाणार आहे, लहान मुलं ते खाणार आहेत.

माणदेशी

सगळ्यांचे मनापासून आभार. आधी नगरपरिषदेत चौकशी, मग बाकीचं. पहिलं वर्ष जिवंत वजनावरच काढू असं घरात बोलणं झालं. दोन शंका राहिल्या. अनुदान कशावर मिळतं? आणि बकरी ईदला बोकड ठेवायचे तर खच्ची केलेले चालतात का?

बाजारकट्टा

राष्ट्रीय पशुधन अभियानात सगळ्यात लहान गट १०० शेळ्या आणि ५ बोकडांचा आहे, ५० टक्के, कमाल १० लाख. ३५ शेळ्यांना ते लागू होत नाही. अनुदानासाठी १०० वर उडी मारू नका, दीड एकर ओलितावर त्यांचा चारा निघणार नाही. राज्याची १० शेळ्या १ बोकड योजना पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारा.

ईदचं: खच्ची बोकड कुर्बानीला चालतो, पण काही घरं न केलेलाच मागतात, तेव्हा फेब्रुवारीच्या तुकडीतले चार-पाच तसेच ठेवा. वय वर्षभर पुरं हवं, गिऱ्हाईक तोंड उघडून दोन दात बघतंच. ईद दर वर्षी साधारण ११ दिवस अलीकडं सरकते, सध्या ती मे महिन्यात येते, म्हणजे आधीच्या फेब्रुवारीत जन्मलेले बोकड तेव्हा १५ महिन्यांचे आणि ३० किलोच्या वर असतात. त्यांचे कान ओळखीसाठी कापू नका. कान मोठा कापलेला, शिंग मुळातून मोडलेलं, लंगडं किंवा एका डोळ्यानं अधू जनावर कुणी घेत नाही. बिल्लाही कानाच्या मधोमध, शिरा चुकवून मारा, पिकून कान फाटला तर तोच बोकड मटणाच्या दरात द्यावा लागेल.